केसपेपरवरचा ‘फटीग’

दुपारचे बारा. दवाखान्यातली गर्दी ओसरत आलेली. चाळिशीतली एक बाई आत येते, स्टुलावर बसते आणि म्हणते, ‘‘डॉक्टर, विकनेस आलाय.’’ म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं की ती सांगू लागते. सकाळी उठवत नाही. पाण्याची कळशी घेऊन जिना चढलं की दम लागतो. दुपारी डोळ्यांवर झापड येते. खाली बसलं तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. आणि हल्ली कशातच मन लागत नाही. बाहेर अजून सहा पेशंट बसलेले असतात. डॉक्टर मान हलवतात आणि केसपेपरवर एकच इंग्रजी शब्द लिहितात : ‘फटीग’.

बाईनं पाच गोष्टी सांगितल्या, कागदावर एक उरली. या पाचही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं, हे खरं. पण सकाळी न उठवण्यामागे झोपेचा विकार असू शकतो, दम लागण्यामागे रक्तक्षय किंवा हृदय, हात टेकून उठण्यामागे स्नायू किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, मन न लागण्यामागे नैराश्य. प्रत्येक वाक्य वेगळ्या तपासणीकडे बोट दाखवत होतं. ‘फटीग’ या शब्दात ती सगळी बोटं मिटून गेली.

शब्द चुकीचा आहे असं नाही. वैद्यकशास्त्रात तो रोज वापरला जातो आणि वापरला जाणारच. पण तो कुठून आला, इंग्रजीत तो कोण कशासाठी वापरतं आणि त्याच्या पोटात काय काय दडतं, हे समजून घेतलं तर डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं हे बऱ्याच जणांना सोपं जाईल.

रोजच्या बोलण्यातला नव्हे

उच्चारापासूनच गोंधळ आहे. हा शब्द आपल्याकडे ‘फॅटिग’, ‘फॅटिग्यू’ असाही ऐकू येतो. स्पेलिंगच्या शेवटची ‘यू’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं मुकी आहेत आणि जोर दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणून ‘फटीग’. दमवून टाकणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. शेवटची मुकी अक्षरं हा त्या फ्रेंच मुक्कामाचाच अवशेष.

कामावरून घरी आलेला इंग्रज माणूस ‘आय ॲम टायर्ड’ म्हणतो, ‘फटीग्ड’ सहसा म्हणत नाही. ‘टायर्ड’ हा घरातला शब्द. झोप आली तरी ‘टायर्ड’, पाय दुखले तरी ‘टायर्ड’, एखाद्या गोष्टीचा वीट आला तरी ‘टायर्ड’. अगदी गळून गेलं तर ‘एक्झॉस्टेड’. ‘फटीग’ मात्र कागदावरचा शब्द आहे. तो डॉक्टरांच्या नोंदीत, इंजिनीअरच्या अहवालात, वैमानिकांच्या ड्युटीच्या नियमांत भेटतो. आपणही घरी ‘आज फार दमले गं’ म्हणतो. ‘मला थकवा जाणवतो आहे’ हे वाक्य आपण दवाखान्यासाठी राखून ठेवतो. तसंच हे.

लष्करात या शब्दाला आणखी एक अर्थ आला. कवायत आणि लढाई सोडून जी अंगमेहनतीची कामं सैनिकांना करावी लागतात, म्हणजे चर खणणं, आवार झाडणं, स्वयंपाकघरातली भांडी घासणं, त्यांना ‘फटीग ड्युटी’ म्हणू लागले. अनेकदा ही कामं शिक्षा म्हणूनही मिळत. ती करताना घालायच्या साध्या कपड्यांचं नाव पडलं ‘फटीग्ज’. एनसीसीच्या शिबिरात पातेली घासलेल्यांना हा अर्थ शब्दकोश न उघडताही माहीत असतो.

धातू थकतो तेव्हा

या शब्दाचा सगळ्यात नेमका वापर केला तो इंजिनीअरांनी. एकोणिसाव्या शतकात रेल्वे धावू लागली आणि एक कोडं पडलं. धडधाकट दिसणारे लोखंडी ॲक्सल, पेलवेल एवढाच भार असताना, अचानक तुटत. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल असाच तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मेले. पुढे जर्मन इंजिनीअर ऑगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की एकदा दिलेला भार जो धातू सहज सोसतो, तोच भार लाखो वेळा चढवला-उतरवला तर तो धातू तुटू शकतो. आत सूक्ष्म भेग पडते, प्रत्येक फेरीला तसूभर वाढते आणि एके दिवशी सगळं संपतं. याला नाव मिळालं ‘मेटल फटीग’.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘कॉमेट’ हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. जानेवारी १९५४ मध्ये एक कॉमेट इटलीतल्या एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ समुद्रात कोसळलं. दोन्ही हवेतच फुटली होती. ब्रिटनमध्ये फार्नबरो इथल्या शास्त्रज्ञांनी मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवलं आणि आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला. प्रत्यक्षातली उड्डाणं आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून दाबाची सुमारे ३००० आवर्तनं झाली आणि विमानाचं अंग चौकटीच्या एका कोपऱ्यापासून फाटलं. आजच्या विमानांच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या का असतात आणि किती उड्डाणांनंतर कोणता भाग तपासायचा हे आधीच का ठरलेलं असतं, त्यामागे या अपघातांतून मिळालेले धडे आहेत.

इंजिनीअरांच्या अर्थात एक गोष्ट पक्की आहे. तिथे ‘फटीग’ मोजता येतो. भार किती, आवर्तनं किती, तुकडा कधी तुटला, सगळं आलेखावर मांडता येतं. आणि धातूला सुट्टी देऊन उपयोग नसतो. महिनाभर विमान हँगरमध्ये उभं ठेवलं म्हणून भेग भरून येत नाही. माणसाचं नेमकं उलटं आहे. माणसाचा नेहमीचा थकवा विश्रांतीनं जातो, पण तो मोजायचा कसा, हे मात्र अजून नीट जमलेलं नाही.

बोटाला बांधलेलं वजन

प्रयत्न खूप झाले. इटलीतल्या ट्युरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी ‘एर्गोग्राफ’ नावाचं यंत्र बनवलं. हात पट्ट्यांनी घट्ट बांधायचा, मधल्या बोटाला दोरीनं वजन लावायचं आणि ठरावीक ठेक्यावर ते उचलत राहायचं. बोट जसजसं दमतं तसतशी कागदावरची रेघ बुटकी होत जाते. थकव्यावरचं मोसोंचं पुस्तक १८९१ साली आलं. त्यातली एक नोंद आजच्या परीक्षकांनाही पटेल. मोसोंचे सहकारी प्राध्यापक मॅजोरा यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्याआधी आणि घेतल्यानंतर हा प्रयोग स्वतःवर केला. दिवसभर ते फक्त बसून प्रश्न विचारत होते, तरी संध्याकाळी बोटाची ताकद पार उतरलेली होती. डोक्याचं काम करून अंग दमतं, हे त्या रेघेनं दाखवलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष आठवड्याचे सातही दिवस राबत होते. उत्पादन वाढवण्याच्या घाईत नेमलेल्या तज्ज्ञांनी उलटीच गोष्ट सांगितली : तास कमी केले तरी एकूण काम घटत नाही, काही ठिकाणी ते वाढतं. १९१८ मध्ये तिथे ‘इंडस्ट्रियल फटीग रिसर्च बोर्ड’ स्थापन झालं. या बोर्डासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड मुशिओ यांना थकव्याची खात्रीशीर चाचणी शोधायची होती. १९२१ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला तो असा, की अशी चाचणी शक्य दिसत नाही आणि काटेकोर शास्त्रीय चर्चेतून ‘फटीग’ हा शब्दच हद्दपार करावा. एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या असतील तर मोजायचं तरी काय?

त्यांचा सल्ला कोणी ऐकला नाही. शंभर वर्षांनंतर शब्द अधिकच फोफावला आहे. अतिदक्षता विभागात यंत्रांचे गजर सतत वाजत राहिले की परिचारिकांचं लक्ष बधिर होतं, तो ‘अलार्म फटीग’. दुसऱ्यांचं दुःख रोज पाहून मायेचा झरा आटतो, तो ‘कम्पॅशन फटीग’. वैमानिकांच्या बाबतीत तर ‘फटीग’ हा नियमांतला शब्द झाला आहे. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. त्या एका तासामागेही कारण आहे. पहाटेच्या त्या वेळी शरीराचं घड्याळ झोपेच्या बाजूला झुकलेलं असतं, माणूस कितीही अनुभवी असला तरी.

झोप, दम आणि अशक्तपणा

आता पुन्हा दवाखान्यात. ‘फटीग’ या शब्दाखाली सर्वांत जास्त गल्लत होते ती झोपेची. झोप येणं आणि थकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये झोपाळूपणा मोजण्यासाठी एक साधी प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यात ‘तुम्ही दमता का’ असा प्रश्नच नाही. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत तासभर बसल्यावर, कोणाशी बोलत बसल्यावर, जेवणानंतर निवांत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा आठ प्रसंगांना ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर झोपेचा विकार तपासायला हवा.

थकलेल्या माणसाला आडवं पडावंसं वाटतं, पण पडल्यावर झोप लागेलच असं नाही. झोपाळू माणूस मात्र बसल्या जागी पेंगतो. घोरणाऱ्या, झोपेत मध्येच श्वास अडकणाऱ्या, सकाळी डोकं जड घेऊन उठणाऱ्या माणसाला रात्री आठ तास मिळूनही झोप अशी मिळतच नाही. स्लीप ॲप्निया हा त्याचा आजार. तो डॉक्टरांना ‘थकवा’ सांगतो आणि टॉनिक घेऊन परततो. तोच माणूस रात्री घाटात ट्रक चालवत असेल तर त्या चुकीची किंमत रस्त्यावरचे इतर लोकही मोजतात. यात बायकोची साक्ष फार मोलाची असते, कारण आपण घोरतो हे घोरणाऱ्याला कधीच मान्य नसतं.

दुसरी गल्लत अशक्तपणाची. ‘विकनेस’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आणि त्याचा अर्थ बदलून टाकला. डॉक्टरांच्या लेखी ‘वीकनेस’ म्हणजे स्नायूंची ताकद प्रत्यक्ष कमी होणं. आपल्या ‘विकनेस’मध्ये सगळंच येतं. ताकद खरोखर कमी झाली असेल तर ती ठरावीक कामांत दिसते. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, केस विंचरताना हात वर राहत नाहीत, मूठ वळत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेत मांड्यांचे स्नायू असे दुबळे होतात. मायस्थेनिया नावाच्या आजारात सकाळी ठीक असलेल्या पापण्या संध्याकाळपर्यंत खाली येतात. नुसत्या थकव्यात असं होत नाही. तिथे ताकद असते, ती लावायची उमेद नसते, किंवा लावल्यावर माणूस फार लवकर गळतो.

तिसरी गल्लत तर मराठीनंच करून ठेवली आहे. ‘मी दमले’ आणि ‘मला दम लागतो’, दोन्हींत दम आहे, पण पहिल्यात थकवा आहे आणि दुसऱ्यात श्वास. पूर्वी न थांबता चढायचा तो जिना आता मध्ये टेकून चढावा लागत असेल, तर तपास फुप्फुसं, हृदय आणि रक्त यांचा व्हायला हवा.

तसं पाहिलं तर मराठीत थकव्यासाठी शब्दांची कमतरता मुळीच नाही. शीण म्हणजे श्रमानंतरचा, विश्रांतीनं जाणारा थकवा. मरगळ मनाची. अशक्तपणा आजारपणानंतरचा. ग्लानी तापातली. अंगात त्राण नाही, अंग मोडून आलं, कणकण वाटते, झापड येते, मेटाकुटीला आले, हे सगळे प्रयोग वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. (आणि मराठीत माणूस थकतो तसं घरभाडंही थकतं, ते वेगळंच.) सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तर ‘क्लम’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे : काही श्रम न करता आलेला, धाप नसलेला आणि इंद्रियांच्या कामात अडथळा आणणारा थकवा. श्रमानं आलेला आणि श्रमाविना आलेला थकवा वेगळा, धापेसह आणि धापेविना वेगळा, हा भेद तिथे स्पष्ट केलेला आहे. आजच्या डॉक्टरांनाही नेमकं हेच विचारायचं असतं.

सलाईनची बाटली

महाराष्ट्रात थकव्याचं एक कारण इतकं सर्रास आहे की ते आजार वाटतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के. म्हणजे लोकलच्या महिला डब्यात उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीचं रक्त कमी आहे, असं समजायला हरकत नाही. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. ते हळूहळू उतरत असेल तर शरीर जुळवून घेत राहतं. नऊवर आलेली बाईसुद्धा धुणी-भांडी, ऑफिस, डबे सगळं करत असते आणि ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देते.

लोहाची कमतरता हिमोग्लोबिन उतरण्याच्या आधी सुरू होते, हे त्याहून कमी लोकांना ठाऊक असतं. फ्रान्समध्ये हिमोग्लोबिन ठीक, पण शरीरातला लोहाचा साठा कमी असलेल्या १९८ थकलेल्या स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना १२ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधरहित गोळ्या. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोह घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटाचा २९ टक्क्यांनी. औषधरहित गोळीनंही थकवा बराच कमी होतो, ही यातली गंमत. पण फरक उरतोच, आणि तो छोटा नाही. अर्थात हे वाचून परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आधी साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी आणि लोह का कमी झालं हे शोधावं. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, पोटातला व्रण, उतारवयात आतड्याचा कर्करोग, अशी कारणं मागे असू शकतात. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेण्याची आपली सवयही लोह शोषू देत नाही.

याऐवजी होतं काय? ‘एक सलाईन लावा, तरतरी येईल.’ ही मागणी पेशंटकडून येते आणि अनेक दवाखान्यांत पुरीही होते. अर्धा लिटर मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. घरच्या दोन कप गोड चहात जवळपास तेवढी साखर असते. त्यात लाल रंगाचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळलं की औषध चढतंय असं डोळ्यांना दिसतं. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं. एरवी दोन तास पंख्याखाली शांत पडून राहायला मिळतं, हाच त्या बाटलीतला बहुतेक गुण असावा. कित्येक बायकांना दिवसा तेवढी विश्रांती दुसऱ्या कुठल्या कारणानं मिळत नाही.

स्त्रियांच्या थकव्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका हृदयविकारात सर्वांत ठळक दिसतो. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना, झटक्याच्या आधीच्या काळात काय जाणवत होतं, असं विचारलं. सुमारे ७१ टक्के जणींनी नेहमीपेक्षा वेगळा, अकारण थकवा सांगितला. छातीतली अस्वस्थता सांगणाऱ्या होत्या ३० टक्के. ही माहिती आठवून सांगितलेली होती, त्यामुळे ती जपून वापरायला हवी. थकलेल्या बहुतेक स्त्रियांचं हृदय ठीकच असतं. पण पन्नाशीची, मधुमेह किंवा रक्तदाब असलेली बाई ‘गेल्या पंधरा दिवसांत अंथरूण घालतानाही थकते’ असं म्हणाली, तर ईसीजी काढायला फारसा खर्च येत नाही.

नावानं केलेलं नुकसान

एका आजाराच्या नावातच हा शब्द बसला आणि त्याचा त्रास रुग्णांनी अनेक दशकं सोसला. १९५५ च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. डॉक्टर, परिचारिका असे २९२ कर्मचारी आजारी पडले. ताप, मानेत गाठी, स्नायूंत वेदना, आणि नंतर काही जणांचा महिनोन्‌महिने न हटणारा थकवा. पुढच्या वर्षी या आजाराला ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ असं लांबलचक नाव मिळालं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी प्रत्यक्ष रुग्ण न तपासता जुनी कागदपत्रं पाहून हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असावा, असं लिहिलं. १९८८ मध्ये अमेरिकेत अशाच आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हटलं गेलं.

हे नाव ऐकणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘‘थकवा ना? मलाही येतो.’’ या आजाराचं मुख्य लक्षण थकवा हे नाहीच. थोडं जास्त चाललं, तासभर बोललं, हिशेब केला, की एक-दोन दिवसांनी शरीर कोसळतं आणि आठवडाभर उठू देत नाही, हे त्याचं खरं लक्षण. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि श्रम न सोसण्यावर भर देणारं नवं नावही सुचवलं. ते फारसं रुजलं नाही.

नावाचा परिणाम उपचारांवरही झाला. थकवा म्हणजे हालचालीचा अभाव, असं धरून रुग्णांना दर आठवड्याला व्यायाम वाढवायला सांगितलं जाई. अनेक रुग्ण सांगत राहिले की त्यानं आपण जास्त आजारी पडतो. अखेर ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेनं २०२१ मध्ये असा ठरावीक वाढता व्यायाम देऊ नये, असं सांगितलं. कोविडनंतर महिनोन्‌महिने न सावरलेल्या अनेकांना हाच अनुभव आला. ‘जरा फिरायला जात जा’ हा सल्ला नैराश्यातल्या थकव्यात गुणकारी ठरतो, या आजारात तो रुग्णाला अंथरुणाला खिळवू शकतो. थकवा हा एकच शब्द दोघंही वापरतात.

काय सांगावं?

डॉक्टरांकडे जाताना ‘फटीग’ किंवा ‘विकनेस’ हे शब्द घरी ठेवून गेलं तरी चालेल. त्याऐवजी, पूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही असं एखादं काम सांगावं. कधीपासून, हेही. झोपून उठल्यावर बरं वाटतं की तसंच राहतं, संध्याकाळी वाढतं की सकाळीच जास्त असतं, डोळे मिटतात की पाय उचलत नाहीत की श्वास पुरत नाही, एवढं सांगितलं तरी अर्धी वाट मोकळी होते. चालू असलेली औषधं दाखवावीत. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि रक्तदाबावरची काही औषधंही सुस्ती आणतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड या तपासण्या बहुधा होतातच. शाकाहारी माणसानं बी-१२ बद्दल विचारावं.

थकव्यासोबत वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री घाम फुटत असेल, खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला असेल, शौचाला काळी होत असेल, तर आठवडाभर वाट पाहू नये. छातीत दडपण किंवा अचानक दम लागत असेल तर तासभरही नाही. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर तेही याच खुर्चीत बसून सांगायचं असतं, आणि त्याच दिवशी.

डॉक्टरांच्या बाजूनंही एक जास्तीचा प्रश्न पुरतो. समजा, स्टुलावर बसलेल्या त्या बाईला केसपेपर मिटण्याआधी विचारलं, ‘‘जिना चढताना पाय दुखतात, की दम लागतो?’’ ती क्षणभर थांबते. ‘‘दमच लागतो,’’ म्हणते. मग आवाज जरा खाली आणून सांगते, ‘‘आणि डॉक्टर, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. दीड वर्ष झालं.’’ हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते थकव्यात येत नव्हतं.